अण्णांनी घर आवरलं तो हिवाळा

कलकत्त्यात हिवाळा आला हे मला थंडीवरून कळत नाही, वासावरून कळतं. कालीपूजा उलटली की इथली माणसं ट्रंकेतून शाली, स्वेटर, माकडटोप्या काढून गच्चीवर उन्हात टाकतात आणि मग आठ-दहा दिवस सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा वास येत राहतो. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला येतो, भाजीवाल्याला येतो, लिफ्टलाही येतो. न्यू टाउनच्या या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रहायला आले तेव्हा वाटलं होतं, इथे काचेच्या इमारती आणि रुंद रस्ते, इथे कुठला तो वास. पण परवा सकाळी दार उघडलं आणि समोरच्या घोषबाबूंच्या बाल्कनीतून तो आलाच.

मी इथे माझ्या भाच्याकडे, मंदारकडे राहते. त्याची नोकरी इथल्याच एका कंपनीत आहे. त्याची बायको केतकी पुण्याची, नीटनेटकी, बोलायला मोकळी. तो वास आला त्याच दिवशी ती माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "आत्या, थंडी सुरू झालीच आहे, तर तुमचं कपाट काढू या का एकदा? काय ठेवायचं आणि काय द्यायचं ते तुम्हीच सांगा. नंतर आम्हाला कळणार नाही."

'नंतर' हा शब्द तिने जरा हळू उच्चारला. मला त्याचं काही वाटलं नाही. ऐंशी पार केलेल्या बाईसमोर तो शब्द कधीतरी यायचाच. मी म्हटलं, "बघते." ती गेल्यावर कपाट उघडलं, त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि बसून राहिले. एकाही वस्तूला हात लावला नाही. सत्तर सालचा हिवाळा आठवत होता.

तेव्हा आम्ही भवानीपूरच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने रहात होतो. लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन, हिरव्या लाकडी झडपांच्या खिडक्या, तीन खोल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी नोकरीसाठी कलकत्त्याला आले, खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये लागले आणि इथलेच झाले. आई मिरजेची. आम्ही दोघं भावंडं इथेच जन्मलो, शाळेत बंगाली बोललो आणि घरात शिरताना चपलांबरोबर बंगाली बाहेर काढून ठेवली. दादा, सदानंद, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, लग्नानंतर नागपूरला गेला. मी सत्तावीस वर्षांची होते, मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते, आणि लग्नाचा विषय घरात निघेनासा झाला होता.

भाद्रपदात आई गेली. कावीळ झाली आणि अकरा दिवसांत संपलं. दादा आला, सगळं यथासांग केलं आणि परत गेला, कारण वहिनीला दिवस होते आणि ती तिकडे एकटी होती. मग घरात अण्णा आणि मी राहिलो.

मला रडू आलं नव्हतं. लोक म्हणत, सुमन फार धीराची. धीर वगैरे काही नव्हता. दारात बोट चेपलं की पहिल्या क्षणी काहीच कळत नाही. दुखणार आहे हे माहीत असतं, पण दुखत नसतं. माझा तो क्षण संपतच नव्हता. दुर्गापूजा आली, गल्लीत मंडप पडला, ढाक वाजले, मूर्ती गेली. शाळा उघडली. मी मुलींना मुघलांच्या लढाया शिकवल्या, वह्या तपासल्या. भात ताटात वाढला की जेवत होते, नाही वाढला तर आठवण होत नव्हती.

कार्तिकातल्या एका शनिवारी शाळा अर्धा दिवस होती. मी दुपारी घरी आले आणि आईचं कपाट उघडलं. कधीतरी उघडायचं होतंच. वरच्या कप्प्यात तिच्या साड्या होत्या, खालच्या कप्प्यात एका उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं विणकाम. मोरपंखी रंगाचा इवलासा स्वेटर, एक बाही व्हायची होती, सुया तशाच टाक्यांत. वहिनीचं पत्र श्रावणात आलं होतं. इतक्या लवकर बाळाचं विणायला घेऊ नये म्हणतात, पण आईने त्याच आठवड्यात लोकर आणली होती.

तो मांडीवर घेऊन मी जमिनीवर बसले. दोन वाजले असतील. सुईवरचे टाके मोजले, परत मोजले. लोकरीला तिच्या हातांचा वास आहे का ते बघितलं. नव्हता, डांबराच्या गोळ्यांचा होता. खाली गल्लीत पिंजारी कापूस पिंजत होता, त्याच्या धनुकलीचा टणत्कार सारखा वर येत होता. मग तोही थांबला. कोळशाच्या शेगड्यांचा धूर खिडकीतून आत आला, अंधारलं, आणि मी तिथेच होते. अण्णा बाहेरून आले. त्यांनी दिवा लावला, मला पाहिलं. आत जाऊन खिचडी टाकली. मी उठले नाही.

त्या चार तासांत पहिल्यांदाच मला बोटांच्या टोकांत काहीतरी जाणवायला लागलं होतं. मुंग्या येऊन बधिरलेला पाय परत जागा व्हायला लागतो तसं. ते सुखाचं नव्हतं, पण ते होतं. हे मी अण्णांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्यांना जे दिसलं ते एवढंच, की मुलगी कपाटासमोर अंधारात बसली आहे आणि जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मधल्या खोलीत जमिनीवर एक जुनी चादर अंथरली.

"सुमन, काल तू जेवली नाहीस."

"भूक नव्हती, अण्णा."

"एका कपाटापायी तुझी ही गत झाली. माझी वेळ येईल तेव्हा अख्खं घर आवरावं लागेल. तेही तुला एकटीला. सदा नागपुरात."

"आत्ता कशाला ते?"

"आत्ता हातपाय चालतायत म्हणून. तुला परत तसं बसायला लागता कामा नये."

अण्णांनी उभी हयात लोकांच्या ट्रंका उघडण्यात घालवली होती. जहाजातून उतरलेल्या माणसाने टेबलावर सामान ठेवायचं, अण्णांनी एकेक वस्तू बाहेर काढायची आणि विचारायचं, हे काय, कशासाठी. लढाईच्या दिवसांत रंगूनहून पळून आलेल्या एका म्हातारीच्या बोचक्यात फक्त पाटा-वरवंटा निघाला होता, हे ते नेहमी सांगत. सोनंनाणं तिकडेच टाकून ती तो दगड उचलून आली होती. "माणूस घाबरला की काय उचलेल सांगता येत नाही," असं म्हणत आणि हसत. आता ते स्वतःच्या घरातली एकेक वस्तू चादरीवर ठेवत होते. हसत मात्र नव्हते.

रोज सकाळी आठ ते दहा, आणि रविवारी जेवणापर्यंत. पहिल्यांदा त्यांचं स्वतःचं गेलं. कोट, टाय, बूट, निरोपाच्या समारंभात मिळालेलं घड्याळ, कंगोरे झिजलेली अंगठी. मग भिंतीवरच्या तसबिरी. मग भांडी. दोन माणसांना दोन ताटं, दोन वाट्या, दोन पेले आणि एखादा कोणी आला तर म्हणून अजून दोन. बाकी सगळी चादरीवर. पुरणयंत्र, शेवेचा सोऱ्या, मोदकपात्र, मिरजेहून आलेलं पितळी घंगाळ. कोणाला काय द्यायचं हे त्यांनी आधीच ठरवलेलं असे. ते गाठोडं बांधत आणि मी सुतळी धरत असे. गाठ मारताना बोट ठेवायला दुसरं माणूस लागतं ना, ते काम माझं.

आईच्या चांगल्या साड्या ओळखीच्या बायकांना वाटून झाल्यावर जुन्यापान्या उरल्या, त्या अण्णांनी भांडेवालीला द्यायच्या ठरवल्या. कलकत्त्यात तेव्हा डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन बायका गल्लीगल्लीतून फिरत आणि जुन्या कपड्यांवर भांडी देत. अण्णांनी एकीला वर बोलावलं आणि साड्यांचं गाठोडं तिच्यापुढे सरकवलं.

"काय हवं बाबू? डबा देऊ की परात?" तिने हिंदी-बंगालीच्या मिश्रणात विचारलं.

"काही नको. नुसतं घेऊन जा."

बाई गाठोड्यापासून हात मागे घेऊन बसली. "नुसतं कसं? कोणाचे कपडे आहेत?"

"माझ्या बायकोचे."

"कशाने गेली?"

"कावीळ."

तिने माझ्याकडे पाहिलं, परत गाठोड्याकडे पाहिलं. "फुकटचे कपडे मी नेत नाही बाबू. फुकट देतात त्यात काहीतरी असतं. भांडं घ्या, मग नेते."

अण्णा तिला पाच मिनिटं समजावत राहिले. शेवटी तिने टोपलीतून एक वाटी काढून जमिनीवर ठेवली, गाठोडं उचललं आणि जिना उतरली. अण्णा त्या नव्या कोऱ्या वाटीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती कोपऱ्यावरच्या चहावाल्याला देऊन टाकली.

विणकाम कधी गेलं ते मला आठवतं. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी शाळेतून आले तर उशीचा अभ्रा धुऊन दोरीवर वाळत होता. अण्णा म्हणाले, "लोकर चांगली होती. खाली मासिमांना दिली. त्यांना विणता येतं." मासिमा म्हणजे तळमजल्यावरच्या शेजारीण, बंगालीत मावशीला मासिमा म्हणतात, आणि आम्ही लहानपणापासून तसंच म्हणत आलो होतो. मी "बरं" म्हटलं. हातपाय धुतले, चहा ठेवला. आत कुठे काही हललं का ते मी थांबून बघितलं. नाही हललं.

त्या दिवसांत एखाद्या रविवारी आम्ही करंदीकरांकडे जात असू. करंदीकर अण्णांचे जुने स्नेही, बालीगंजला रहायचे. आमचं वर्ष सुतकाचं, त्यामुळे सणवार नव्हते, पण चहाला जायला हरकत नसे. पौषात आम्ही गेलो तेव्हा काकूंनी चहा आणला आणि माझ्या हातात कप दिला. पांढरा, निळ्या काठाचा. मी तो तोंडाला लावला आणि ओठांना कडेवरचा बारीकसा टवका लागला. तो टवका मीच पाडला होता, मॅट्रिकच्या वर्षी. आईने तेव्हापासून तो कप मलाच लावून दिला होता.

मी चहा पिऊन टाकला. काकूंच्या ते नंतर लक्षात आलं. कप उचलताना त्यांचा चेहरा उतरला.

"अगं बाई, सुमन. मी बघ कशी. हे तुमचेच ना. असं कर, सहाच्या सहा घेऊन जा परत."

"नको काकू."

"अगं ने. आईची आठवण."

"नको, खरंच नको. ठेवायला जागा नाही," मी म्हटलं. घरात तेव्हा जागेशिवाय काहीच उरलं नव्हतं. अण्णा समोर बसले होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

पुस्तकांचंही तसंच. आमच्या तिथल्या मराठी मंडळींनी एका घराच्या बाहेरच्या खोलीत लहानसं वाचनालय चालवलं होतं, अण्णांची दोन कपाटं तिकडे गेली. पुढे एकदा मी तिथून एक पुस्तक आणलं, पहिल्या पानावर अण्णांची सही, आणि सहीच्या खाली आईच्या अक्षरात धोब्याचा हिशेब. पंधरा दिवसांनी ते परत करायचं होतं. मी वेळेवर परत केलं.

माघ महिन्यात दादा आला. कळवून आला नव्हता. ऑफिसच्या कामाने जमशेदपूरला आला होता, तिथून एका दिवसासाठी इकडे. दाराशी बॅग ठेवून तो आत आला आणि मधल्या खोलीत उभा राहिला. मग आतल्या खोलीत गेला, मग स्वयंपाकघरात, आणि परत येऊन तिथेच उभा राहिला. बोलला तर आवाज भिंतीवर आपटून परत येत होता.

"चोरी झाली का?" त्याने विचारलं.

"आवरलं मी," अण्णा म्हणाले. "चहा घे आधी."

"आईचं काय आहे घरात?"

"फोटो तुला रजिस्टरने पाठवले. पाटल्या सूनबाईसाठी ठेवल्यात, जाताना ने. बाकी ज्याला उपयोगी त्याला दिलं."

दादा जमिनीवर बसला. त्या खोलीत बसायला दुसरं काही नव्हतं. "तिने पत्रात लिहिलं होतं, स्वेटरची एक बाही राहिलीय म्हणून. सुधा म्हणाली, तो घेऊन या, मी बाही पुरी करते. बाळाला बारशाला घालायचाय." सुधा म्हणजे वहिनी.

अण्णा म्हणाले, "तो मासिमांना दिला. त्यांनी उसवून टोपी केली."

"कोणाला?"

"मेसोमशायना." म्हणजे मासिमांच्या यजमानांना.

दादाला जिन्यात मेसोमशाय भेटले होते. मोरपंखी माकडटोपी घालून ते दूध आणायला निघाले होते, दादाने त्यांना वाकून नमस्कारही केला होता. हे आठवल्याचं मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो उठला, जिन्यापर्यंत गेला आणि परत आला.

"अण्णा, कोणाला विचारून केलंत हे?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून केलं. हे घर तुमच्या गळ्यात पडलं असतं."

"तो त्रास आमचा होता ना. आम्ही घेतला असता." मग तो माझ्याकडे वळला. "आणि तू? तू काय करत होतीस?"

"सुतळी धरत होते," मी म्हटलं.

ते उत्तर उद्धट वाटलं असेल. पण ते खरं होतं. दादाने पाटल्या नेल्या नाहीत. संध्याकाळच्या मेलने तो निघून गेला. स्टेशनवर मी पोचवायला गेले तेव्हा खिडकीतून म्हणाला, "एकदा तरी नाही म्हणायचं होतंस, सुमे." गाडी सुटेपर्यंत मी फलाटावर उभी राहिले. परत येताना ट्राममध्ये बसले. डोळे कोरडे होते, हातांना गार लागत होतं एवढंच.

चैत्रात मंदार झाला. तार आली. दादाची पत्रं महिन्याला येत राहिली, अण्णांच्या नावे, चार ओळींची, शेवटी 'आपण सर्व खुशाल असालच'. तो मात्र आला नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मी दोनदा नागपूरला जाऊन आले. अण्णा गेले नाहीत.

आणि अण्णा जगले. कोणी धरून चाललं नव्हतं इतके जगले. ज्या तयारीने त्यांनी घर मोकळं केलं होतं, त्या हिशेबाने दोन-तीन वर्षांत सगळं उरकायचं होतं. ते आठ वर्षं राहिले, ठणठणीत, त्या तीन रिकाम्या खोल्यांत. झोपायच्या दोन लाकडी चौक्या, एक कंदील, चार ताटं, एक ट्रंक. पाहुणा आला की मी खालून मासिमांकडून खुर्ची आणत असे. चार माणसं जेवायला आली की ताटंही तिकडूनच, आणि त्यातली निम्मी आमचीच असत.

हळूहळू त्यांना वस्तू आठवायला लागल्या. आधी हातांना आठवे. भिंतीकडे बघत ते खुंटीवर टोपी ठेवायला हात वर नेत आणि तिथे खुंटी नसे. मग तोंडात येई. "सुमन, अडकित्ता कुठे आहे?" मी सांगायची, "करंदीकरांकडे." "हो, हो." चार दिवसांनी, "आपला तो लांब दांड्याचा झारा?" "दिला, अण्णा." "हो, मीच दिला." एकदा कोजागिरीला त्यांनी विचारलं, मोठं पातेलं कुठे आहे, दूध आटवू या. मग स्वतःच म्हणाले, राहू दे, दोघांना काय करायचंय.

सहाव्या की सातव्या वर्षी, असंच थंडीत, लोडशेडिंग होतं. संध्याकाळची वेळ. कंदिलाच्या उजेडात मी वह्या तपासत होते आणि ते भिंतीला टेकून बसले होते.

"सुमन."

"काय, अण्णा?"

"मला वाटलं होतं, दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे."

"हो."

"तू त्या कपाटापुढे बसली होतीस, तेव्हा मी घाबरलो."

मी लाल पेन खाली ठेवलं. काहीतरी बोलायची ती वेळ होती. त्या दिवशी मला काय होत होतं, ते अजूनही सांगता आलं असतं. पण त्यांचं वय बहात्तर होतं, गेलेल्यातली एकही वस्तू परत येणार नव्हती, आणि हे ऐकून त्यांनी करायचं तरी काय? मी म्हटलं, "थंडी वाजतेय का? शाल देऊ?" त्यांनी मान हलवली. दोघांत मिळून एकच शाल होती, ती मी काढून त्यांना दिली.

अण्णा पौषात गेले, सकाळी, दात घासून झाल्यावर. मी ट्रंककॉल लावला. दादा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. तोवर शेजाऱ्यांनी बर्फाच्या लाद्या आणून ठेवल्या होत्या. आठ वर्षांनी तो त्या घरात पाऊल टाकत होता. केस पांढरे झाले होते. मला धरून तो रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तेरावा झाल्यावर आम्ही अण्णांचं आवरायला बसलो. ट्रंक उघडली. दोन धोतरं, तीन सदरे, बंड्या, चष्मा, रेशनकार्ड, पेन्शनचे कागद एका पाकिटात, पाकिटावर 'सुमनसाठी'. पाटल्या एका रुमालात, त्यावर 'सूनबाई'. चपलांचा जोड. बास. दादाने धोतरांच्या घड्या परत घातल्या, मी सदरे मोजले. अर्धा तासही लागला नसेल.

"झालं?" दादाने विचारलं.

"झालं."

तो ट्रंकेच्या झाकणावर हात ठेवून बसून राहिला. "मी महिन्याची रजा काढून आलोय," म्हणाला. "म्हटलं, घर आवरायला लागेल."

रजेचे पंधरा-सोळा दिवस शिल्लक होते. त्या दिवसांचं काय करायचं, हे आम्हा दोघांनाही कळेना. सकाळ झाली की आम्ही उठायचो, चहा प्यायचो आणि समोरासमोर बसायचो. भेटायला येणारे येऊन गेले होते. खाली संत्री विकणारा ओरडत जाई. उन्हाचा पट्टा खिडकीतून आत येई, जमिनीवरून सरकत भिंतीपाशी जाई. हातांना काही काम असतं तर तोंडाने बोलता आलं असतं. आमच्यापाशी ना काही उघडायला होतं, ना गुंडाळायला, ना 'हे तू ने, नको तूच ठेव' म्हणायला. अण्णांनी आमची सगळी दगदग वाचवली होती. एवढा निवांतपणा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

म्हणून काल मी केतकीला बोलावून सांगितलं. औषधांच्या जुन्या बाटल्या, फुटकी छत्री, नऊ-दहा वर्षांची पंचांगं, हे टाकून दे. बाकी कपाट मी आवरणार नाही.

"आत्या, पण..."

"नंतर तुमचे दोन-तीन दिवस जातील त्यात. जाऊ देत. कामावरून रजा काढा. धूळ येईल, शिंका येतील. हे कशाला ठेवलं होतं म्हातारीने, असं म्हणाल. म्हणा."

मला वाटलं आता ती काही समजुतीचं बोलेल. पण ती म्हणाली, "बरं. पंचांगं मात्र आजच टाकते हं," आणि खरंच घेऊन गेली. मुलगी चांगली आहे.

दादाच्या त्या रजेतला एक दिवस मात्र सांगायचा राहिला. त्याची निघायची वेळ जवळ आली होती. तो आदल्या दिवशी म्हणालाच होता, की उद्याचं तिकीट मिळतंय का बघतो, इथे करायला काही नाही. त्या दुपारी तो मधल्या खोलीत उभा राहून खिडकीकडे बघत होता.

"सुमे, इथे काय होतं?"

"कुठे?"

"खिडकीच्या उजवीकडे. शिलाईचं मशीन ना?"

"नाही. टेबल होतं. घडीचं."

"टेबल नव्हे. मशीन. तिथे उजेड यायचा म्हणून आईने तिथे ठेवलं होतं. मला पक्कं आठवतंय, मी त्याच्या पायडलवर बसायचो."

"मशीन आतल्या खोलीत होतं, दादा."

"कसं शक्य आहे?"

आम्ही वाद घालत राहिलो. आवाज चढले. आठ वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. कोण चूक, कोण बरोबर, हे सांगणारं घरात कोणी उरलं नव्हतं. शेवटी दादा म्हणाला, "मासिमांना विचारू."

मासिमा तेव्हा सत्तरीच्या होत्या, गुडघे गेलेले. मेसोमशाय वर्षापूर्वी वारले होते. मी खाली जाऊन नुसतं विचारलं, तर त्या म्हणाल्या, असं इथून कसं सांगू, थांब. कठडा धरून, पायरीपायरीवर थांबत त्या वर आल्या. मधल्या खोलीच्या मध्यभागी उभ्या राहिल्या, पदराने तोंड पुसलं आणि बंगालीत सांगायला लागल्या. हाताने एकेक जागा दाखवत.

"हे टेबल. इथे. त्याच्यावर रेडिओ, रेडिओवर जाळीचं कापड. मशीन आत होतं, सुमन बरोबर सांगतेय. पण पावसाळ्यात आत गळायचं, म्हणून चार महिने ते इथे यायचं आणि टेबल आत जायचं. तेव्हा तूही बरोबर. इथे पाण्याचा माठ. इथे तुमच्या वडिलांची आरामखुर्ची, तिच्या पाठीमागे भिंतीला तेलाचा डाग पडायचा आणि तुझी आई चिडायची."

आम्ही दोघं त्यांच्या बोटाबरोबर फिरत होतो. मासिमा खिडकीपाशी गेल्या.

"आणि इथे, खिडकीखाली, ती दुपारी बसायची. भिंतीला पाठ लावून, पाय लांब पसरून. मी वर यायचे. ती काही उठायची नाही. या बसा, असंही म्हणायची नाही. नुसते पाय जवळ घ्यायची. मग मी बसायचे."

एवढं सांगून त्या थांबल्या. दादा खिडकीपाशी गेला, मासिमांनी दाखवलेल्या जागी जमिनीवर बसला, भिंतीला पाठ लावली आणि पाय पसरले. ऊन त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. तो बराच वेळ तसाच बसला. मी दारात उभी होते. मी डोळ्यांना पदर लावला, आणि या वेळी तो ओला झाला.

दादाने माझ्याकडे पाहिलं आणि पाय जवळ घेतले.